अळीच्या बाजूने

माढ्याचा माणूस म्हटला की परगावची मंडळी त्याच्याकडून हटकून राजकारणावरचं भाष्य मागतात. २००९ साली शरद पवार या मतदारसंघातून लोकसभेवर गेले, तेव्हापासून हे दुखणं आमच्या मागं लागलं आहे. पुण्यातल्या एखाद्या लग्नात पंगतीला बसावं, तर शेजारचा अनोळखी गृहस्थ जिलबीचा तुकडा मोडता मोडता कानाशी लागतो, "काय, यंदा माढ्यात काय?" मी आपला खरं तेच सांगतो. म्हणतो, "यंदा लिंबोणीवर अळी चांगली आहे." गृहस्थ डोळे बारीक करतो, मठ्ठ्याचा एक घोट घेतो आणि आणखी जवळ सरकून विचारतो, "म्हणजे कोणत्या गटाची?"

अळीला गट नसतो. गट असता तर तिची ही दशा झालीच नसती. निदान एखादं शिष्टमंडळ तरी मुंबईला जाऊन आलं असतं. फुलपाखराच्या बाजूनं बोलणारे रगड आहेत. कवी आहेत, बालवाडीच्या बाई आहेत, साड्यांचे कारखानदार आहेत, तान्ह्या बाळाच्या झबल्यावर चित्र छापणारे आहेत. अळीच्या बाजूनं मात्र आजवर कुणी उभा राहिलेला मला आढळला नाही. तेव्हा तिचं वकीलपत्र मी घेतलं आहे. फी आगाऊ मिळाली आहे. आमच्या परसात काढलेले फुलपाखरांचे, चतुरांचे, भुंग्यांचे आणि नाकतोड्यांचे जे फोटो आहेत, ती सगळी तिचीच आणि तिच्या भाऊबंदांची कृपा.

परस म्हणजे काही बागबगीचा नव्हे. दहा पावलं रुंद, वीस पावलं लांब. एक लिंबोणी, एक कढीपत्ता, एक जास्वंद, न्हाणीचं पाणी जातं तिथं अळू, जुन्या विटा रचून ठेवल्यात त्यांच्या आडोशाला आपसूक उगवलेली रुई, आणि पाऊस पडला की जमिनीला चिकटून पसरणारी घोळ. यापलीकडं जे काही उगवतं त्याला घरातली मंडळी सरसकट 'गवत' म्हणतात. कॅमेरा जुना, दुसऱ्यानं वापरून सोडलेला. त्याची पन्नास मिलिमीटरची लेन्स उलटी करून एका कड्यानं बसवली की मुंगीसुद्धा म्हशीएवढी दिसते. फ्लॅशवर दुधाच्या पिशवीचा धुतलेला तुकडा रबरानं बांधला आहे, त्यामुळं उजेड मऊ पडतो. हे सगळं सामान गळ्यात घालून मी सकाळी सहाला पालथा पडतो. इतक्या जवळून फोटो काढताना जेवढा भाग धारदार येतो त्याची जाडी मिलिमीटर-दीड मिलिमीटर. डोळा धरावा तर मिशी पुसट, मिशी धरावी तर डोळा पुसट, आणि दोन्ही जमतंय म्हणताना वारा सुटतो. श्वास रोखून पडलेल्या माणसाकडं भिंतीवरून बघणाऱ्याला वेगळीच शंका येते. "काय वो, काय हरवलंय का?" असा पुकारा पलीकडून येतो. "न्हाई, सापडलंय," मी म्हणतो.

तर पलीकडच्या वहिनींची गोष्ट. त्यांना मी एकदा लिंबोणीवरच्या फुलपाखराचा फोटो दिला. काळ्या पंखांवर पिवळट ठिपक्यांची नुसती रांगोळी, आणि मागच्या पंखांच्या आतल्या कडेला एकेक विटकरी टिकली. इंग्रजीत याला 'लाइम बटरफ्लाय'च म्हणतात. वहिनींना तो इतका आवडला की त्यांनी तो आपल्या फोनवर स्वतःच्या फोटोच्या जागी लावला, आणि भिशीच्या साऱ्या बायकांना 'शुभ सकाळ' लिहून पाठवला. त्याच आठवड्यात भिंतीपलीकडून नाकाला झोंबणारा वास आला. म्हटलं, "वहिनी, काय चाललंय?"

"औषध मारलं, भाऊजी. लिंबोणीला अळी पडलीय. पानं खाऊन खाऊन वाटोळं केलं मेलीनं."

"अहो, ती याचीच लेकरं!" मी त्यांच्या हातातल्या फोनकडं बोट केलं.

वहिनींनी एकदा फोनकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "काहीतरीच तुमचं. एवढं देखणं पाखरू, ते असल्या घाणेरड्या अळीचं कशाला असेल!"

वहिनी बी.ए. आहेत. शाळेत असताना त्यांनीही अंडी, अळी, कोष, फुलपाखरू अशी चार चित्रं गोलात काढून मध्ये बाण दाखवलेच असणार. आपण सगळ्यांनीच ते काढले आहेत आणि त्याचे मार्कही खाल्ले आहेत. पण ते बाण वहीतून उठून कुणाच्या परसात आले नाहीत. फुलपाखरू म्हणजे कुठून तरी हिमालयाबिमालयातून थेट आपल्या जास्वंदीवर उतरलेलं, आणि अळी म्हणजे शेजाऱ्याच्या झाडावरून आपल्याकडं आलेली, अशी साधारण समजूत असते.

आणि घाणेरडी कुणाला म्हणायचं? या अळीचं बालपण म्हणजे सोंगाचा कळस आहे. अंडं फोडून निघते ती तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा. थेट चिमणीनं पानावर केलेली घाण वाटावी. विष्ठेला कोण चोच लावणार? म्हणून ती उघड्यावर, पानाच्या वरच्या अंगाला खुशाल बसून राहते. पाचव्या अवतारात, म्हणजे चार वेळा कात टाकून झाल्यावर, ती पोपटी हिरवी होते आणि पानात मिसळून जाते. तेव्हा तिला बोटानं जरा डिवचा. डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुहेरी शिंग बाहेर येतं आणि असा काही आंबूस वास सुटतो की माणूससुद्धा हात मागं घेतो. त्या शिंगाचा फोटो मिळवायला मी तीन पावसाळे घालवले, कारण ते क्षणभरच बाहेर राहतं. तेवढ्या काळात लिंबोणीनं किती पानं गमावली, आणि तेवढ्यात किती नवी काढली! वाढलेलं झाड अळीनं मेलं असं मी तरी पाहिलेलं नाही. हातभर उंचीचं रोप असेल तर भीती खरी आहे. मग अळी पानासकट उचलावी आणि मोठ्या झाडावर नेऊन ठेवावी. याला पंप लागत नाही.

पण आपल्याला पंपाची भारी हौस. आणि त्यातल्या द्रवाला आपण म्हणतो काय, तर 'औषध'! जगात विष पुष्कळ भाषांत असेल, पण विषाला औषध म्हणून ते 'मारायची' सोय मराठीनंच करून ठेवली आहे. डबीवर कवटीचं चित्र असतं, लहान मुलांपासून दूर ठेवा म्हणून लिहिलेलं असतं, फवारल्यावर हात साबणानं धुवा म्हणून बजावलेलं असतं, आणि घरात सांगताना म्हणायचं, "झाडाला औषध दिलं." तशी कीटकांच्या बाबतीत आपली भाषा एकूणच खुनशी. डोक्यात वळवळतो तो किडा, नरकात जन्मतो तो किडा, समाजाला लागते ती कीड, वाचून वाचून वाया गेलेला पोरगा तो पुस्तकी किडा. मरण जवळ आलं की मुंगीला पंख फुटतात. वास्तविक मुंगीला पंख फुटतात ते लग्नासाठी. पण लग्न आणि मरण यांत फरक करायचं ज्यानं सोडून दिलं त्याच्या अनुभवावर मी काय बोलणार?

यात सरकारही मागं नाही. २०१५ साली महाराष्ट्रानं 'ब्ल्यू मॉरमॉन' या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असं करणारं आपलं देशातलं पहिलं राज्य. फार चांगलं झालं. शेकरू, हरियाल, आंबा आणि ताम्हण यांच्या पंगतीत एक काळं-निळं, रुमालाएवढं पाखरू येऊन बसलं. आता या राज्य फुलपाखराचं बालपण कुठं जातं? लिंबाच्या कुळातल्या झाडांची पानं कुरतडण्यात! म्हणजे जे मोठेपणी राज्याचं भूषण, तेच लहानपणी 'लिंबूवर्गीय पिकांवरील कीड'. राज्य अळी जाहीर करायचं धाडस कुठल्याही मंत्रिमंडळाला अजून झालेलं नाही. ते माढ्यात सहसा येत नाही, नाहीतर त्यालाही आमच्या आळीत कुणी तरी औषध दिलं असतं.

इथं कुणी शेतकरी हे वाचत असेल तर त्यानं काठी बाजूला ठेवावी. माझं भांडण त्याच्याशी नाही. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं, पाणी आलं, ऊस आला, डाळिंब आलं, आणि डाळिंबाबरोबर 'सुरसा' अळी आली. रामायणात मारुती सुरसेच्या तोंडात शिरून बाहेर आला होता. इथं सुरसाच डाळिंबाच्या फळात शिरते आणि आतला माल संपवून बाहेर येते. तिचंही पुढं फुलपाखरूच होतं. नराच्या पंखांवर जांभळी-निळी झाक असते, फोटो झकास येतो. पण ज्याच्या बागेवर सोसायटीचं कर्ज आहे, त्याला ती झाक दाखवायला मी जाणार नाही. सोलापुरात डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५पासून आहे. त्या बागेत काय करायचं ते त्यांनी आणि शेतकऱ्यानं बघावं. माझं भांडण आहे ते एका लिंबोणीच्या वीस लिंबांसाठी पंप पाठीवर घेणाऱ्यांशी. मंडईत लिंबू पैशाला पासरी झाल्यावरसुद्धा ज्यांचा हात थांबत नाही, त्यांच्याशी.

कढीपत्त्याचंच बघा. फोडणीपुरती चार पानं तोडायची आणि वर 'नासवलीत गं पानं' म्हणून ओरडायचं, ही आमच्याकडची रीत. त्या पानांवर 'कॉमन मॉरमॉन'ची अळी असते. याचा नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ; त्यात काही नवल नाही. मादी मात्र तीन वेषांत हिंडते. एक नरासारखीच. दुसरी आणि तिसरी यांनी वेष घेतलाय तो 'रोज' नावाच्या, पक्ष्यांना न पचणाऱ्या विषारी फुलपाखरांचा. पंखांवर तेच पांढरे-तांबडे डाग, तोच थाट. पक्षी फसतो. कॅमेऱ्यालाही लांबून कळत नाही. फोटो मोठा करून पंखांऐवजी अंगाकडं पाहावं लागतं. खऱ्या विषारी बाईचं अंग लाल असतं, सोंग घेतलेलीचं काळं. हे एवढं बहुरूपीपण एका आईच्या पोटी कसं येतं, याचा शोध कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. 'डबलसेक्स' नावाच्या एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांत हे सारं दडलेलं आहे, हे त्यांनी २०१४ साली 'नेचर' या साप्ताहिकात मांडलं. जगातल्या विद्वानांनी ते वाचून माना डोलावल्या. आणि आमच्याकडं त्याच जातीची अळी दिसली की पान तोडून चपलेखाली!

रुईचं दुखणं निराळं. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते, म्हणून पहाटेपासून पानं ओरबाडणारे येतात. एरवी मात्र 'दारात रुई नको, चीक डोळ्यात जातो' म्हणून तीच रुई मुळासकट उपटतात. चीक वाईट हे खरं. डोळ्याला लागला तर डॉक्टरच गाठावा लागतो. पण तोच चीक पिऊन 'प्लेन टायगर'ची काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी स्वतः कडू जहर होते, आणि पुढं नारिंगी फुलपाखरू झाल्यावर कुणाला न घाबरता सावकाश, लग्नातल्या वरबापासारखं परसभर फिरते. एखाद्या अननुभवी पक्ष्यानं चोच मारली तर तो ओकतो आणि पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. त्या रंगाचा फायदा घेणारी आणखी एक बाई परसात असते. 'डॅनाइड एगफ्लाय' तिचं नाव. नर काळा, पंखांवर मोठाले पांढरे ठिपके, त्यांना जांभळी कड. मादी हुबेहूब नारिंगी प्लेन टायगर! अंगात विषाचा थेंब नाही. आणि हिची अळी खाते काय, तर घोळ. हो, तीच, डाळ घालून आपण खातो ती घोळ. पायाखाली चिखलात पसरलेली घोळ आणि कोपऱ्यातली चिकाळ रुई, या दोन टाकाऊ झुडपांच्या जिवावर माझ्या परसात रोज एवढं नाटक चालतं. यातलं एक उपटलं की नाटकातलं एक पात्र गेलं, आणि दोन्ही उपटून तिथं प्लॅस्टिकच्या कुंडीत शोभेचं झाड ठेवलं की मग 'हल्ली फुलपाखरं दिसत नाहीत बुवा' हे म्हणायला आपण मोकळे.

लोक मला विचारतात, "फुलपाखरं यायला कुठली फुलं लावू?" फुलं म्हणजे खाणावळ आहे हो. दोन घोट घेतले, पाखरू पुढच्या गावाला. बाळंतपणाला माहेर लागतं, आणि फुलपाखराचं माहेर म्हणजे त्याच्या अळीचं झाड. ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याची ओवळेकर वाडी आहे, फुलपाखरं पाहायला आणि फोटो काढायला माणसं लांबून तिथं जातात. तिथं नुसती रंगीत फुलं लावून हे झालेलं नाही. अळ्यांना खायला घालणारी झाडं मुद्दाम लावली, पानांची चाळण झालेली चालवून घेतली, म्हणून पाखरं राहिली. चाळण झालेलं पान बघून ज्याला आनंद होत नाही, त्यानं फुलपाखराचा फोटो काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सासर हवं, सून हवी, पण सुनेला माहेर नको, असला हा प्रकार.

"पण मग अळ्याच अळ्या होतील की," हा पुढचा प्रश्न. होत नाहीत. खाणारे आहेत. चिमण्या आहेत, सरडा आहे, जास्वंदीवर हात जोडून बसलेला खंडोबाचा किडा आहे. त्याचे ते जोडलेले हात प्रार्थनेसाठी नसतात हे ज्या माशीला कळतं तिला दुसऱ्या कुणाला सांगायची संधी मिळत नाही. आणि कुंभारीण आहे. खिडकीच्या चौकटीला मातीचं एवढंसं मडकं करणारी ती बारीक कमरेची माशी. हिच्याबद्दल आपल्याकडं फार जुना एक दाखला आहे, कीटक-भ्रमर न्याय. म्हणे ती एक अळी आणून मातीच्या घरात कोंडते, बाहेरून सारखी गुणगुणते, आणि त्या ध्यासानं अळीच कुंभारीण होऊन बाहेर पडते. गुरूच्या ध्यासानं शिष्य गुरूसारखा होतो, हे सांगायला कीर्तनात दाखला मोठा गोड आहे. मी खिडकीशी स्टूल लावून बसलो आणि फोटो काढले. अळी येते हे खरं, डंख मारून बधिर केलेली. ती आत कोंबली जाते हेही खरं. पण मडक्यात कुंभारणीनं आधीच स्वतःचं अंडं टांगून ठेवलेलं असतं, आणि त्यातून निघालेलं पोर त्या अळीला खाऊन मोठं होतं. शिष्य गुरू होत नाही, गुरूचं पोर शिष्याला खातं. हे मी आमच्या ओळखीच्या एका कीर्तनकारबुवांना फोटोनिशी दाखवलं. ते बराच वेळ फोटो बघत होते. मग म्हणाले, "हे शिक्षणसंस्थांत चालतं, आम्हाला दाखला म्हणून नको." पण मुद्दा असा की कुंभारीण फुकटात अळ्या उचलते. पंप मारला की अळीबरोबर तीही मरते. पुढच्या खेपेला अळी येते, कुंभारीण येत नाही, आणि मग तुम्हाला मोठा पंप घ्यावा लागतो.

आता थोडं माझ्याच जातभाईंविषयी, म्हणजे कॅमेरेवाल्यांविषयी. यांना परस दिसत नाही. तोफेएवढी लेन्स घेऊन हे ताडोबाला जातात. आमच्या जिल्ह्यातल्या नान्नजला १९७९पासून माळढोकाचं अभयारण्य आहे. माळढोक आता जवळजवळ दिसेनासा झाला, तरी हे लांडग्यासाठी, काळविटासाठी माळावर उन्हात गाडी घेऊन बसतात. बसावं. पण घरच्या धुण्याच्या तारेवर जो चतुर बसलाय त्याकडं एकदा बघायला काय जातं? पावसाळा सरता सरता थव्यानं येणारे ते पिवळट चतुर. त्यांच्यातले कितीतरी भारत सोडून मालदीव बेटांवरून समुद्र ओलांडत पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, असा निष्कर्ष चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडला. दोन इंच लांबीचा प्राणी आफ्रिकेला निघालाय, आमच्या तारेवर घटकाभर टेकलाय, आणि आम्ही वाघ बघायला शेकडो किलोमीटर लांब.

ज्यांना किडे दिसतात, त्यांतले काही आणखी भयंकर. असेच एक स्नेही पुण्याहून आले होते. स्पर्धांतून बक्षिसं घेणारे. माझं पालथं पडणं पाहून त्यांना माझी दया आली. म्हणाले, "एवढा त्रास कशाला घेता? डबीत पकडा, दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, गार पडला की पाहिजे त्या फुलावर पाहिजे तसा बसवा. वरून ग्लिसरीनचे दोन थेंब, दव म्हणून."

हे नेमकं स्वयंपाकघरात ऐकू गेलं. "फ्रीजमध्ये?" आतून आवाज आला. "कोथिंबिरीशेजारी?" स्नेह्यांनी चहा अर्धा टाकला.

आमच्या घरात कीटकांच्या बाजूनं झालेलं हे एकमेव भाषण, आणि तेही कोथिंबिरीच्या बाजूनं होतं. पण त्या स्नेह्यांना मला एवढंच सांगायचं होतं की निसर्गानं फ्रीज मोफत दिलेला आहे. मार्गशीर्षात पहाटे परसात या. रात्रभर गारठलेलं पाखरू पंख मिटून गवताच्या पात्याला लटकलेलं असतं. उन्हानं अंग तापेपर्यंत त्याला उडताच येत नाही. खरं दव त्याच्या मिशांवर असतं. हवा तेवढा वेळ घ्या, ऊन आलं की ते पंख उघडतं, थरथरतं आणि जातं. त्या बक्षीसपात्र फोटोंतला किडा मला लगेच ओळखू येतो. तो फुलावर बसलेला नसतो, ठेवलेला असतो. उचलून आणलेल्या साक्षीदाराला कोर्टात उभं करावं तसा दिसतो.

परसात बघायला असं असतं तरी किती, असं विचारणाऱ्यांसाठी इंग्लंडातल्या एका बाईंचं नाव सांगतो. जेनिफर ओवेन. लेस्टर शहरातल्या आपल्या साध्या घराच्या बागेत त्यांनी १९७२ ते २००१ अशी तीस वर्षं मोजणी केली. जंगलात नाही, माळावर नाही, घराच्या बागेत. एकूण २६७३ जाती मिळाल्या. त्यांतल्या १९९७ नुसत्या कीटकांच्या. बाईंनी बाग ओसाड टाकली नव्हती, भाजी लावत होत्या, फुलं लावत होत्या. फक्त विष वापरत नव्हत्या. आणि हे थंड, पावसाळी, किड्यांच्या दृष्टीनं दरिद्री अशा विलायतेत! आमच्या उन्हाच्या मुलखात तीस वर्षं कुणी एक परस मोजलं तर वहीला पानं पुरायची नाहीत. पण मोजायला परस शिल्लक हवं ना.

कारण पंपापेक्षा मोठा शत्रू आता आलाय, तो म्हणजे कोबा. माढ्यात, कुर्डुवाडीत, टेंभुर्णीत, जिथं जाल तिथं परसाला कोबा. ज्याला कोबा जुना वाटतो तो पेव्हर ब्लॉक बसवतो, लाल आणि राखाडी, पेट्रोल पंपावर असतात तसे. एकट्यानं राहणाऱ्या बहुतेक रानमधमाश्या जमिनीत बीळ करून अंडी घालतात. त्यांना कोब्याला टिकाव मारता येत नाही. मृगाचा किडा तुम्हाला आठवत असेल. लाल मखमलीचा, पहिल्या पावसानंतर जमिनीतून वर येणारा. आठ पाय असतात, म्हणजे शास्त्रानं तो किडा नव्हेच, कोळ्याच्या गोतातला; पण मृगानं त्याला आपलं नाव दिलं ते शास्त्राला विचारून नाही दिलं. काड्यापेटीत गवत घालून तो आपण सगळ्यांनी पाळला आहे. आळीतली माझ्या वयाची माणसं संध्याकाळी जमली की उसासा टाकतात, "आता मृगाचा किडा कुठं दिसतो?" उसासा टाकताना ज्या कोब्यावर खुर्च्या टाकलेल्या असतात, त्याखालीच तो असायचा. हे मी एकदा बोलून दाखवलं. तेव्हापासून माझी खुर्ची कोपऱ्यात असते.

आमच्याही घरात कोब्याचा ठराव मांडला गेला आहे. बाजू भक्कम आहे हे मान्य केलं पाहिजे. पावसाळ्यात धुणं वाळत घालायला जाताना सौभाग्यवती चिखलात दोनदा घसरल्या. विटांच्या ढिगात एकदा विंचू निघाला. मोलकरणीनं "गवतात काय बी असंल, मी न्हाई जाणार तिकडं" असं निक्षून सांगितलं. मुलगा म्हणतो, "बाबा, गाडी आत लावता येईल." विंचवाच्या मुद्द्यावर मला बोलता येत नाही, कारण विंचवाचाही फोटो मी काढला आहे आणि तो घरात कुणाला दाखवलेला नाही. मी उपसूचना मांडली: दारापासून धुण्याच्या तारेपर्यंत दोन फूट रुंद शहाबादी फरशीची वाट करावी, विटा हलवाव्यात, गवत वाटेच्या कडेनं कापावं, आणि लिंबोणी, कढीपत्ता, रुई आणि मोकळी माती यांना कुणी हात लावू नये. उपसूचनेला अनुमोदन मिळालं नाही. घरात आम्ही चौघं, त्यात आणखी एक मत अळीचं धरलं तरी तीन विरुद्ध दोन.

गवंडी परवा माप घ्यायला आला. टेप धरून मागं मागं सरकत लिंबोणीपर्यंत पोचला आणि म्हणाला, "हे झाड मधी येतंय." मी काही बोललो नाही. खालचं एक पान फक्त उलटून धरलं. पोपटी अळी, अंगठ्याएवढी. त्यानं करंगळीनं टोचलं. नारिंगी शिंग बाहेर आलं, वास सुटला, गवंडी टेप टाकून दोन पावलं मागं झाला. मग पुन्हा पुढं येऊन उकिडवा बसला आणि बराच वेळ बघत राहिला.

"ह्येचं फुलपाखरू व्हतंय व्हय?"

"होतंय की. आधी कोष करायचा, मग आठ-दहा दिवस."

"अन् म्या बघायचं म्हटलं तर?"

"सकाळी लवकर यावं लागतं."

त्यानं टेप गुंडाळला, कानावरची पेन्सिल काढली आणि घरात हाक मारली, "वहिनी, वाळू अजून पंधरा दिस मिळत न्हाई बगा."